ओवाळणीत आलेला फ्लॅट

मी, सौ. विभावरी राजन खांबेटे, माहेरची विभावरी केशव हिरवे, वय एकसष्ट, राहणार अल बर्शा, दुबई, नागरिकत्व भारतीय, व्यवसाय पूर्वी एका कंपनीत अंतर्गत हिशेब-तपासणी, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही. ती या महिन्याच्या अखेरीस बदलायची आहे, आणि डॉक्टरांनी "काळजीचं काही कारण नाही" असे इतक्या वेळा सांगितले की मी वकीलबाई गाठल्या.

अशा कागदात 'कोणाच्याही दडपणाखाली न येता' असे लिहायची पद्धत आहे. मला ते तसे लिहिता येत नाही, कारण दडपण आले होते. ते कोणी आणले हे कलम सहामध्ये येईल. त्या दडपणाला न जुमानता लिहिते आहे, एवढेच खरे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे एखादे पुढे आले, विशेषतः सुबक इंग्रजीत टाइप केलेले, तर ते माझे समजू नये.

वकील नबिला मॅडम या मजकुराचे रीतसर भाषांतर करून नोंदणी करून घेणार आहेत. मूळ मराठीत अशासाठी लिहिते, की माझ्या भावाला ते दुसऱ्या कोणाकडून समजून घ्यावे लागू नये, आणि मलाही इंग्रजीच्या आड लपता येऊ नये. ऑफिसच्या इंग्रजीत माणसाला लाज वाटत नाही. तिथे सगळे 'नोटेड' असते.

कलम १. व्यवस्थापक

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे पती राजन खांबेटे यांनी करावी. ते भले गृहस्थ आहेत, पण काम सांगितल्याशिवाय करत नाहीत आणि सांगितले तर उद्या करतात. म्हणून नबिला मॅडमनी त्यांच्या मागे लागावे. त्यांची फी आगाऊ दिलेली आहे.

कलम २. राहते घर व ठाण्याची जागा

अल बर्शाचे घर भाड्याचे आहे, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. गॅलरीतली तुळस राजननी जगवावी. उन्हाळ्यात तिला दुपारी आत घ्यावी लागते, हे त्यांना ठाऊक नाही कारण ते तेव्हा झोपलेले असतात.

ठाण्याची जागा आम्ही दोघांनी पगारातून, बँकेचे कर्ज फेडून घेतली. तिचा एकूण एक कागद कपाटात आहे आणि कोणीही, कधीही, काहीही विचारावे. त्या जागेतला माझा अर्धा हिस्सा मी राजनला देते. अट एकच. आपल्या चुलत भावाला त्यांनी ती 'थोडे दिवस' राहायला देऊ नये. मागचे थोडे दिवस चार वर्षे चालले आणि जाताना पाहुण्यांबरोबर गीझरही गेला. हा विषय मी राजनसमोर कधी काढला नाही, म्हणून इथे काढते.

कलम ३. बचत

ग्रॅच्युइटी, मुदत ठेवी व बचत खाती या रकमेतून प्रथम कलम सातमधील देणे फेडावे. उरलेल्यातील निम्मे राजनला आणि निम्मे आमची मुलगी सृष्टी हिला.

कलम ४. दागिने व वस्तू

माझे सर्व दागिने, आईचे चांदीचे तबक व निरांजन, पुरणयंत्र आणि शिवणयंत्र सृष्टीला. तबक बघून तिला राग येईल. ते तिच्या आजीचे आहे आणि त्याचा काही अपराध नाही, एवढे तिने लक्षात घ्यावे. पुरणयंत्र ती वापरणार नाही याची मला खात्री आहे. तिने ते विकले तरी चालेल, पण कोणाला भेट देऊन वर माझी आठवण म्हणून सांगू नये.

कलम ५. मंडळ

इथल्या आमच्या मंडळाला मी काहीही देत नाही. पुष्कळ वर्षे मी मंडळाची खजिनदार होते आणि तिळगुळाच्या पुड्यांचीसुद्धा बिले लावली. पण देशातून येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला शाल घालायची, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि त्याने काही बोलण्याआधीच टाळ्या वाजवायच्या, ही जी सवय अध्यक्ष निनादरावांनी मंडळाला लावली, तिला मीही हातभार लावला. ती शाल आणायला मीच जात असे. माझ्या पश्चात शोकसभा घेतलीच, तर तीत कोणत्याही पुढाऱ्याचा शोकसंदेश वाचू नये. माझ्या भावाचा तर नाहीच.

कलम ६. समुद्राकाठचा फ्लॅट

दुबईत समुद्राकाठच्या एका टॉवरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट सरकारदरबारी माझ्या नावावर आहे. तो माझा नाही. म्हणून तो मी राजनला देत नाही, सृष्टीला देत नाही आणि माझा भाचा शौर्य यालाही देत नाही. जे माझे नाही ते द्यायचा मला अधिकार नाही. इतकी वर्षे ते माझे म्हणवून घेतले याची मला लाज वाटते.

तो माझ्या नावावर कसा आला ते सांगते. माझा धाकटा भाऊ सुजीत केशव हिरवे हा आमच्या तालुक्याचा आमदार. सात वर्षांपूर्वी तो राज्यमंत्री झाला आणि त्याच दिवाळीत कसल्याशा अभ्यासदौऱ्यावर दुबईला आला. मी इकडे आल्यापासून भाऊबीजेला भाऊ माझ्या दारात प्रथमच उभा होता. मी पाट मांडला, त्याला टिळा लावला, ओवाळले. त्याने तबकात एक किल्ली ठेवली.

"हे काय रे?" मी विचारले.

"ओवाळणी काय आहे म्हणून कोणी विचारतं का, ताई?" तो हसून म्हणाला.

नाही विचारत. आमच्याकडे ओवाळणीचे पाकीट भावासमोर उघडायचीही पद्धत नव्हती. उघडायला गेले तर आई डोळे मोठे करायची. जबल अलीच्या ऑफिसात पार्किंगच्या बारा दिरहमची पावती नाही म्हणून ड्रायव्हरचा अर्ज परत पाठवणारी बाई मी. त्या बाईने फ्लॅटच्या किल्लीला हळदकुंकू लावून ती देवापुढे ठेवली. भावाने बहिणीला घातलेल्या ओवाळणीचे बिल मागायचे नसते, एवढ्या एका गोष्टीवर माझे सगळे शिक्षण थांबले.

दुसऱ्या दिवशी सुजीतचा इथला माणूस यूनुस मला सह्यांसाठी घेऊन गेला. गाडीत तो म्हणाला, "मॅडम, सिर्फ नाम आपका है. बाकी सब साहब देख लेंगे. टेन्शन नहीं लेने का."

मी टेन्शन घेतले नाही. सह्या केल्या. फ्लॅट भाड्याने गेला. भाडे माझ्या खात्यात यायचे आणि यूनुस सांगेल तिकडे जायचे. तरीही घरात मी त्याला ओवाळणीच म्हणत राहिले. दुसरा शब्द मला येत होता, पण तो मी फक्त इतर लोकांच्या बाबतीत वापरत असे.

निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराला स्वतःची, बायकोची आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची मालमत्ता दाखवावी लागते. लग्न होऊन परदेशी गेलेली बहीण त्या रकान्यात बसत नाही. हे मला त्या गाडीतच कळले होते. पुढच्या निवडणुकीत त्याचे प्रतिज्ञापत्र मी इंटरनेटवर वाचले. वडिलांची जमीन, एक ट्रॅक्टर, शुभ्रावहिनींचे दागिने. वाचताना मी त्यात माझे नाव शोधत होते, आणि ते नाही म्हटल्यावर मला हायसे वाटले. आयुष्यात पुष्कळ गोष्टींची लाज वाटून घ्यायची राहून गेली असेल, पण त्या हायसे वाटण्याची लाज मला रोज वाटते.

आता दडपणाबद्दल. माझे ऑपरेशन ठरल्याचे सुजीतला कळले, आणि या वर्षीच्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी यूनुस घरी आला. त्याने माझे मृत्युपत्र आणले होते. इंग्रजीत, टाइप केलेले, सहीच्या जागी पिवळी चिकटपट्टी लावलेले. त्यात मी सदर फ्लॅट 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी' माझा भाचा शौर्य सुजीत हिरवे याला देत होते. शौर्य माझ्याशी वर्षातून एकदा, त्याच्या वाढदिवसाला, "थँक्स आत्या" एवढे बोलतो. त्यात त्या मुलाचा दोष नाही. मीसुद्धा तेवढेच बोलते.

मी सुजीतला फोन केला.

"ताई, ऑपरेशनच्या आधी सही झाली की तुझ्याही डोक्याला ताप नाही," तो म्हणाला. "नाहीतर उद्या काही झालं, देव न करो, तर सगळं भावजी आणि सृष्टीच्या नावावर चढणार. मग तिच्या मागे लागा, तिच्या सह्या घ्या. पोरीला कशाला त्रास?"

म्हणजे माझ्यानंतर ते नाव माझ्या मुलीचे होणार होते. हे मला त्याच्या तोंडून ऐकल्यावर सुचले, आधी नाही.

"सुजीत," मी म्हटले, "त्या फ्लॅटचे पैसे कुठून आले होते रे?"

सात वर्षांत पहिल्यांदा विचारले.

"तू जेवलीस का?" तो म्हणाला. "औषधं वेळेवर घेतेस ना? भावजींना फोन दे जरा."

सबब, पैसे कुठून आले हे मला माहीत नाही. हे मी टाळाटाळ म्हणून लिहीत नाही. ज्या दिवशी विचारायला हवे होते त्या दिवशी विचारले नाही, आणि विचारले तेव्हा उत्तर मिळाले नाही. वर लिहिलेली हकीकत खरी असल्याचे मी शपथेवर सांगते. माझ्या निधनानंतर नबिला मॅडमनी या कलमाची प्रत भारतातील प्राप्तिकर खात्याला व सुजीतच्या मतदारसंघाच्या निवडणूक अधिकाऱ्यांना पाठवावी.

कलम ७. देणे

मधल्या काळात राजनची नोकरी गेली होती. तेव्हा सहा महिने अल बर्शाचे घरभाडे मी त्या फ्लॅटच्या भाड्यातून भरले. सुजीतला विचारले होते. "अगं, तुझंच आहे, ताई," असे तो म्हणाला, आणि मला ते खरे वाटून घ्यायचे होते. ती रक्कम, आणि देखभालीचा खर्च जाऊन वेळोवेळी माझ्या खात्यात पडून राहिलेली बाकी, माझ्या बचतीतून वेगळी काढावी. फ्लॅटचे जे होईल तेच तिचे व्हावे. चौकशी करणाऱ्यांनी मागितल्यास त्यांना द्यावी. ती घरात ठेवू नये.

कलम ८. सृष्टीस

हे कलम मालमत्तेचे नाही. नबिला मॅडम म्हणाल्या की असे कलम घालण्याची गरज नसते. मला आहे.

गेल्या महाराष्ट्र दिनाला मंडळाने सुजीतला पाहुणा म्हणून बोलावले. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. भाषणानंतर प्रश्नोत्तरे ठेवली होती. सुजीतची एक हातोटी आहे. कोणी प्रश्न विचारला की तो आधी विचारतो, "आपलं गाव कोणतं?" गाव कळले की, "अरे, म्हणजे आपण घरचेच की!" मग त्या गावच्या जत्रेची नाहीतर आमरसाची गोष्ट. लोक हसतात, टाळ्या पडतात, आणि विचारणारा खाली बसतो. घरी गेल्यावर त्याला आठवते की आपण पाणीयोजनेच्या खर्चाचे विचारले होते.

त्या दिवशी शेवटच्या रांगेतून सृष्टी उठली. ती उम्म अल कुवैनला शाळेत शिकवते, नागरिकशास्त्र. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात राजननी तिला मोठ्या कौतुकाने सांगितले होते की आईच्या नावावर समुद्राकाठी फ्लॅट आहे, मामाने ओवाळणीत दिलाय, तुझ्या लग्नाची काळजी नको. राजननी ते खरेच ओवाळणी समजून सांगितले. त्यांना मी दुसरे काही सांगितलेच नव्हते.

"मामा, माय क्वेश्चन इज व्हेरी सिंपल," ती म्हणाली. "दुबईत तुमची, किंवा तुमच्यासाठी दुसऱ्या कोणाच्या नावावर, प्रॉपर्टी आहे का?"

सुजीत हसला. "आपलं गाव कोणतं, मॅडम?"

सगळा हॉल हसला.

"अल बर्शा," ती म्हणाली. लोक आणखी हसले. ती हसली नाही. "येस ऑर नो, मामा?"

तिचे तोंड त्याच्याकडे होते, पण ती बघत होती माझ्याकडे. तिला मामाकडून उत्तर नकोच होते. माईक माझ्या हातात आहे हे तिला दिसत होते. मी एक वाक्य बोलावे, एवढ्यासाठी ती उभी होती.

सुजीत माझ्याकडे वळला. "काय ताई? घरचे प्रश्न घरी विचारायचे, हे पोरीला शिकवलं नाहीस वाटतं?"

मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "वेळेअभावी आपण प्रश्नोत्तरे इथेच थांबवत आहोत. जेवणाची व्यवस्था मागच्या हॉलमध्ये केली आहे."

लोक उठले. खुर्च्या सरकल्या. कोणीतरी जाताना सृष्टीच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "जेवून घे हं बाळ." ती न जेवता गेली. तेव्हापासून ती घरी आलेली नाही. फोन राजनला करते, मला नाही.

सृष्टी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. ते मला तेव्हा माहीत होते. चारचौघांत मी तुला खोटे पाडले, आणि तेही स्वतःच्या तोंडाने खोटे न बोलता, नुसते जेवायला वाढून. मला माझ्या भावाची लाज वाटते, पण त्याहून जास्त त्या संध्याकाळच्या माझ्या गोड आवाजाची वाटते. तो आवाज माझाच होता.

कलम ९. अंत्यविधी

जबल अलीच्या स्मशानभूमीत करावेत. पंचवीस वर्षे कामाला त्याच रस्त्याने गेले, वाट पायाखालची आहे. अस्थी भारतात नेण्याचा खर्च करू नये. सुजीत आल्यास त्याला अडवू नये, पण त्याच्यासाठी कोणाला थांबवूनही ठेवू नये.

सहीपूर्वीची दुरुस्ती

वरील मजकूर पुरा करून मी आज सह्यांसाठी मंडळी घरी बोलावली. नबिला मॅडम आल्या. साक्षीदार म्हणून माझी जुनी सहकारी, वसईची रोझलिन तुस्कानो आणि तिचा मुलगा डीन आले. राजननी मला न विचारता सृष्टीलाही बोलावले होते. न सांगता केलेले त्यांचे हे पहिलेच काम.

सृष्टीने वाचायला मागितले. ती मराठी सावकाश वाचते, ओठ हलवत. गीझरपाशी तिला हसू आले. मग नंतर आले नाही. आठवे कलम वाचून तिने कागद टीपॉयवर ठेवला. मला वाटले, आता ती रडेल, किंवा मी रडेन, आणि मग आम्ही चहा घेऊ.

"आई, हे ओपन कधी होणार?" तिने विचारले.

"माझ्या मागे."

"म्हणजे तू गेल्यावर."

"हो."

"देन हू डू आय आस्क?" ती म्हणाली. "मला अजून प्रश्न आहेत. ते मी कोणाला विचारू? मामा स्टेजवरून उतरून निघून जातो, तू डायरेक्ट वर जाणार. फरक काय?"

डीनने बिस्किट परत बशीत ठेवले.

हे मला सुचले नव्हते. मला वाटत होते की मी कबुली देते आहे. मी फक्त कबुलीची वेळ ठरवली होती, आणि ती नेमकी अशी, जेव्हा समोर उलट विचारायला कोणी नसेल. सुजीतला जे आयुष्यभर जमले ते मी वकिलाच्या मदतीने, नोंदणी करून करत होते. माझ्या कानशिलांना अशी धग लागली की रोझलिन उठून एसी वाढवायला गेली.

मी नबिला मॅडमना विचारले, कलम सहाचे निवेदन आजच, माझ्या हयातीत पाठवता येईल का?

"हो सकता है," त्या म्हणाल्या. "लेकिन मॅडम, फिर सवाल आपसे पूछे जाएँगे. इन्क्वायरी होगी. केस आप पर भी बन सकता है."

"ऑपरेशन तर होऊ दे आधी, विभा," राजन म्हणाले. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला होता. फ्लॅट ओवाळणी नव्हता हे त्यांना त्या क्षणी कळत होते.

"ऑपरेशननंतर मी म्हणेन, बरी तर होऊ दे," मी म्हटले.

मी सर्वांसमक्ष सुजीतला फोन लावला, स्पीकरवर. आज निवेदन पाठवते आहे, त्यात तुझे नाव आहे, असे सांगितले. तो पुष्कळ बोलला. शौर्यच्या भविष्याबद्दल बोलला, वडिलांच्या नावाबद्दल बोलला, विरोधक याचे काय करतील ते बोलला. फ्लॅटबद्दल बोलला नाही. मी पुन्हा विचारले, पैसे कुठून आले?

"तुझी तब्येत बरी नाही, ताई. तू आराम कर," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आता पुढच्या भाऊबीजेला मी कोणत्या तोंडानं येऊ तुझ्याकडे?"

"रिकाम्या हातानं ये," मी म्हटले. "ओवाळीन."

त्याने फोन ठेवला. लहानपणी त्याच्या सगळ्या खोड्या मी आईपासून लपवल्या. तो माझा एकुलता भाऊ आहे आणि फोन ठेवल्यावर मला फार रडू आले, हेही इथे लिहून ठेवते.

मग मी सृष्टीला म्हटले, विचार.

तिने विचारले, ही ओवाळणी नव्हे हे तुला कधी कळले? मी सांगितले, दुसऱ्याच दिवशी. तिने विचारले, बाबांना का नाही सांगितलेस? मी सांगितले, सांगितले असते तर ते मला विचारत बसले असते. मग ती मराठीत म्हणाली, "माझी कॉलेजची फी त्यातून गेली का?"

याचसाठी ती सहा महिने आली नव्हती, हे मला तेव्हा समजले.

फी माझ्या पगारातून गेली, असे उत्तर देता आले असते. ते खोटे नव्हते. बँकेत दाखवताही आले असते. पण मी जन्मभर दुसऱ्यांची असली उत्तरे तांबड्या पेनाने खोडली आहेत. मी म्हटले, "फी माझ्या पगारातून गेली. पण त्या सहा महिन्यांत पगार फीला उरला, कारण घरभाडं तिकडून गेलं."

तिने मान डोलावली. ती रडली नाही. राजन रडले.

त्यानंतर डीन सही करायला पेन उचलत होता, तेव्हा सृष्टी म्हणाली, "मी करते." नबिला मॅडमनी तिला थांबवले. म्हणाल्या, "बेटा, विल में जिसको कुछ मिलता है, उसको हम गवाह नहीं लेते. आप साइन करोगी तो आपको कुछ नहीं मिलेगा. ना पैसा, ना गहने. समझ रही हो?"

"आय नो," ती म्हणाली. "मला काही नको, आई. मला सही करायची आहे."

मला वाटले, रागाने म्हणते आहे. मी तिच्याकडे नीट पाहिले. रागाने म्हणत नव्हती.

सबब पुढीलप्रमाणे दुरुस्ती करते. कलम तीनमधील सृष्टीचा निम्मा हिस्सा रद्द, तो राजनला. कलम चार संपूर्ण रद्द, त्यातील सर्व वस्तू राजनला. कलम सहामधील 'माझ्या निधनानंतर' हे शब्द रद्द, त्याजागी 'आज' असे वाचावे. सृष्टीला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. तशी तिची मागणी आहे आणि ती मला मान्य करावी लागली.

चौकशीला बोलावतील तेव्हा मी जाईन. झडपेने साथ दिली तर तारखा मागणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही करून पुरे केले.

ठिकाण: अल बर्शा, दुबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) विभावरी राजन खांबेटे

साक्षीदार १:
(सही) रोझलिन तुस्कानो, राहणार जबल अली. लेखिकेने आमच्यासमोर सही केली. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही.
नाते: मैत्रीण

साक्षीदार २:
(सही) सृष्टी राजन खांबेटे, राहणार उम्म अल कुवैन. मी हे सगळं वाचलं. मी प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली. मग मी सही केली.
नाते: मुलगी